रात्रनिवारा, घरकुल की भाड्याची खोली? वॉर्डात आधी काय मागायचं

फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी पालिकेकडे काय मागायचं, असा विषय निघाला की तीन उत्तरं हमखास येतात: रात्रनिवारा काढा, घरकुलाच्या यादीत नावं घाला, नाहीतर भाड्याने खोल्या द्या. तिन्हींना योजना आहेत, पण निधी एकदम सगळ्याला पुरत नाही. तेव्हा क्रम लावणं आलंच.

निवारा सगळ्यांत लवकर उभा राहतो. त्याचं मापही ठरलेलं आहे: १ लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट, चोवीस तास आणि बारा महिने उघडा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही नाही.

पण निवारा कोणासाठी, हे कोणी विचारत नाही. नाक्यावर उभा राहणारा एकटा मजूर तिथे निजेल. परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर पथारी टाकणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांनाही तो उपयोगी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी हेच तर करते, पण ती एकटी कुठवर पुरणार? सिग्नलवर फुगे विकणारं कुटुंब आलं की मात्र गणित फिसकटतं. बाप्यांचा हॉल वेगळा, बायकांचा वेगळा. बारा-तेरा वर्षांचा पोरगा कुठे झोपणार? पातेली, स्टोव्ह, फुग्यांचं पोतं, म्हाताऱ्या आईची गोधडी हे सगळं सकाळी उचलून न्यायचं असेल तर माणसं फुटपाथच धरून बसतात. वर आपण म्हणायला मोकळे, 'त्यांनाच यायचं नसतं.'

घरकुल ऐकायला सगळ्यांत गोड. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात, घर साधारण ३० चौरस मीटरचं. उरलेली रक्कम कर्जाने उभी करायची. ज्याच्याकडे पगाराची पावती नाही त्याला बँक दारात उभं करत नाही. शिवाय स्वस्त जमीन म्हणजे गावाबाहेरची जमीन. मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलचा धडा अजून ताजा आहे. प्रकल्पबाधितांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरं दिली. तिथल्या हवेने आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडं देण्याचा आदेश द्यावा लागला. माणसं कामाजवळ राहतात, पोट तिथे असतं म्हणून. हे सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ मध्येच मान्य केलं होतं.

राहिली भाड्याची खोली. माझं मत इथे. कारण कुटुंब रस्त्यावर येतं ते बहुतेक वेळा घर विकत घेता आलं नाही म्हणून नाही, तर अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं वाढवलं आणि नव्या खोलीचं डिपॉझिट जमलं नाही म्हणून. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या पोराचंही तेच. त्याला मालकी नको, दोन-तीन वर्षं डोक्यावर छप्पर हवं. यात खाचखळगे आहेतच. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ मध्ये १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे त्यातली बरीच घरं गिरणी कामगारांच्या सोडतीत आणि संक्रमणासाठी, म्हणजे विस्थापितांच्या तात्पुरत्या राहण्यासाठी गेली. २०२० मध्ये केंद्राने सरकारी रिकामी घरं भाड्याने देण्याची योजना काढली, २०२४ च्या नव्या आवास योजनेतही भाड्याच्या घरांचा भाग आहे. तेव्हा बांधकामाचं टेंडर मागण्याआधी शहरात पालिकेची किती घरं कुलूपबंद पडून आहेत, याची यादी मागा.

वॉर्डात एकटे मजूर आणि रुग्णांचे नातेवाईक जास्त असतील तर मात्र आधी निवाराच, तोही नाक्यापासून किंवा रुग्णालयापासून चालत जाता येईल असा. प्रस्तावात तीन गोष्टी लिहून घ्या: कुटुंबासाठी स्वतंत्र खोल्या, सामानाला कुलपाची जागा, आणि निवाऱ्याचा पत्ता रेशनकार्ड व आधारला चालेल असं पालिकेचं पत्र. तिसरी गोष्ट फुकट होते आणि तीच सगळ्यांत जास्त अडते.