नऊ महिने कुरिअर ॲग्रिगेटर वापरून: चादरीची घडी, खोकेवाला आणि शेंगा चटणी

आधी आमचा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ माग आहेत. चादर आणि टर्की टॉवेल. अण्णांच्या काळापासून माल चाटी गल्लीतल्या कापडबाजारात आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडे जातो. गाठ बांधायची, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टाकायची, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, खिशात घालून घरी यायचं. भाडं 'टू-पे', म्हणजे माल घेणारा भरणार. त्यामुळे माल पोचवायला किती पडतं, हे तीस वर्षं आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

गणपती झाल्यावर मी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि एका कुरिअर ॲग्रिगेटरचं खातं काढलं. नाव लिहीत नाही, जाहिरातही नको आणि भांडणही नको. एकाच पॅनलवर दहा-बारा कुरिअर कंपन्या असतात. पिनकोड टाकला की कोण जातं, किती घेतं, किती दिवस लावतं ते समोर येतं. वॉलेटमध्ये पैसे भरा, लेबल छापा, संध्याकाळी पिकअपवाला येतो. महिन्याचं भाडं नाही, पार्सलमागे पैसे. वापरायला सोपं आहे, बायको दुसऱ्या दिवशी माझ्यापेक्षा भराभर लेबलं काढायला लागली.

पहिला दणका आठवड्यातच बसला. डबल चादर काट्यावर १.९ किलो भरते, म्हणून मी २ किलोचा दर धरून किंमत लावली होती. बिल आलं ४ किलोचं. मला वाटलं काटा बिघडला. काटा ठीक होता, मोजायची पद्धत वेगळी होती. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं, येईल ते आकारमानाचं वजन. ते आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. माझं पार्सल ४० बाय ३२ बाय १४ होतं, म्हणजे ३.५८ किलो. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारणी, म्हणून थेट ४. चादरीतल्या हवेचं भाडं मी भरत होतो.

मग घडीकडे लक्ष गेलं. दुकानात चादर भरदार दिसली पाहिजे, म्हणून आमच्याकडे पहिल्यापासून सैल, फुगीर घडी घालतात. त्याचंच कौतुक असतं. कुरिअरला तीच जाडी महागात पडते. घडी घालणाऱ्या मावशींना मी टेप हातात दिली आणि उंची ८ च्या वर जाऊ नये एवढंच सांगितलं. दोन दिवस त्यांनी मला हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी आडवी तिहेरी घडी काढली आणि चादरी रात्रभर सुताच्या पोत्यांखाली दाबून ठेवल्या. सकाळी माप ३८ बाय २८ बाय ८. म्हणजे १.७ किलो, काट्यावरच्या वजनाच्याही खाली. बिल २ किलोवर आलं. यंत्र नाही, खर्च नाही.

टॉवेलवर हाच शहाणपणा अंगाशी आला. मी हवा काढून पॅक करायच्या पिशव्या आणल्या. पार्सल सुरेख बारीक झालं, पण टॉवेलचे लूप चपटे बसले. एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवून विचारलं, "हा टॉवेल आहे की पंचा?" धुतल्यावर लूप उठतात, पण ते बिचाऱ्याला कोण सांगणार? आता टॉवेलला नुसती कागदी पट्टी घट्ट बांधतो.

तेव्हापासून नवीन सेट ठरवताना आधी काटा आणि टेप निघते, रंग-डिझाइन नंतर. सहा नॅपकिन घ्यायचे की आठ, हे टप्पा बघून ठरतं. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं कापडाचं वजन, थोडं घटवून खालच्या टप्प्यात बसवावं असा मोह मलाही झाला होता. अण्णा म्हणाले, "मग सोलापूरचं नाव काढून टाक पिशवीवरून." विषय संपला. तसंही सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळून इतकी वर्षं झाली, तरी भलत्याच गावचा माल आपल्या नावावर विकला जातोच. गंमत अशी की नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने चादरीचा नव्हे, कुरिअरच्या लेबलाचा फोटो स्टेटसला ठेवला होता. पाठवणाऱ्याचा पिन ४१३ ने सुरू होतो, म्हणजे माल खरोखर सोलापुरातून आलाय म्हणून.

आता चटणीची गोष्ट. आमच्या टॉवेल सेटचं पार्सल १.२ किलोचं होतं आणि पैसे १.५ चे जातात. मधले तीनशे ग्रॅम फुकट. शेजारच्या काकू शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकतात, त्यांना म्हटलं, पाव किलो चटणी माझ्या पार्सलमधून जाऊ दे. वाहतूक खर्च शून्य, मला सेटवर चार पैसे जास्त, त्यांना पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक. पहिल्या दहा पार्सलांतल्या तीनमध्ये तेल सुटलं. पांढऱ्या टॉवेलवर शेंगतेलाचा डाग काय असतो, ते एकदा बघाच. पैसे परत केले, टॉवेल घरी वापरतोय. नंतर जाड झिपवाली पाऊच, त्यावर दुसरी पिशवी, आणि तेल निथळून मगच भरायचं, असं जमवलं. काकूंनी एफएसएसएआयची, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी, नोंदणीही केली, कारण पाकिटावर तो नंबर लागतो. आता त्यांचं स्वतःचं खातं आहे त्याच पॅनलवर, आणि माझ्या पार्सलची त्यांना तितकीशी गरज राहिलेली नाही!

खोक्यांचं असंच अवचित जुळलं. कोरुगेटेड, म्हणजे पन्हळी पुठ्ठ्याची, खोकी शोधताना जो कारखानदार मिळाला, त्याचं मुख्य गिऱ्हाईक डाळिंबवाले. सांगोला-मंगळवेढ्याकडे मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, माल साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतो, तेव्हा हा माणूस फोनही उचलत नाही. हंगाम नसला की त्याचं मशीन रिकामं. मी ऑक्टोबरातच तीन महिन्यांची खोकी उचलून ठेवली, त्याने दर पाडून दिला. फळाच्या बहारावर माझ्या चादरीच्या खोक्याचा भाव ठरेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. सांगोल्याचा मेहुणा मात्र हसला नसता. डिसेंबर २०२० मध्ये शेतमाल नेणारी देशातली १०० वी किसान रेल्वे सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली, त्या दिवसांत त्याच्या तोंडी डाळिंबाच्या आधी गाडीचं वेळापत्रक असायचं.

पैशाच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडला, आणि याची मी अपेक्षाच केली नव्हती. पेठेतला व्यापारी साठ-नव्वद दिवसांनी देतो. सूतवाला पंधरा दिवसांत मागतो. मधली भोकं अण्णा आयुष्यभर उधार-उसनवारीने बुजवत आले. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे माझ्या खात्यात माल पोचल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी येतात. विक्री थोडी, पण सुताचं एक बिल तरी वेळेवर जातं. अण्णांना ऑनलाइन विक्री कळत नाही, हे मात्र लगेच कळलं.

त्याच कॅश ऑन डिलिव्हरीची दुसरी बाजू म्हणजे परत येणारी पार्सलं. पहिल्या शंभरातली बावीस परत आली. "मी मागवलंच नाही", "घरी नाही", "आता नको". जायचं भाडं आपलं, यायचंही आपलं. आता पाठवण्याआधी बायको फोन करते, पत्ता आणि जवळची खूण विचारून घेते. शंभरात नऊवर आलंय. हा फोन ॲग्रिगेटरही पैसे घेऊन करून देतो, पण त्यांच्या यांत्रिक आवाजाला लोक "हो" म्हणून ठेवून देतात.

मोठ्या मालाला हे पॅनल मला परवडलं नाही. हैदराबादच्या एका हॉटेलची टॉवेलची ऑर्डर होती, लाखाच्या वर. पॅनलवरचा दर बघितला आणि मुकाट्याने जुन्या ट्रान्सपोर्टकडे गेलो. ५०,००० च्या वरचा माल राज्याबाहेर म्हणजे ई-वे बिल, मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, आलंच. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने दोन दिवसांची मुदत मिळाली. गाडी उमरग्याच्या पुढे बंद पडली. मुदत संपायच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते, हे ट्रान्सपोर्टच्या म्हाताऱ्या मुनीमजींना तोंडपाठ. रात्री साडेदहाला त्यांनी ते करून दिलं. पॅनलच्या चॅटवर त्या वेळी मला काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना आहे.

एक चूक माझीच. कुरिअरच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो, पण खात्यात आपला जीएसटी नंबर भरलेला हवा. मी भरलाच नव्हता. सीएंनी तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा कळलं. तुम्ही पहिल्याच दिवशी भरा.

आणि खरी डोकेदुखी वजनाच्या वादाची. आपण २ किलो लिहिलं तरी कंपनीच्या गोदामात ते मध्येच ३ होतं आणि वॉलेटमधून परस्पर पैसे कापले जातात. म्हणून आता प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, शेजारी टेप लावून, लेबल दिसेल असा फोटो काढतो. फोटो असला की बहुतेक वेळा पैसे परत येतात. मुदतीत तक्रार केली तर. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आम्ही दोघं तीन-चार दिवस तिकडे बघूच शकलो नाही, तेवढ्यात सात पार्सलांची मुदत टळून गेली.

पुढच्या वर्षी खातं चालू ठेवणार आहे, शिवाय दुसऱ्या एका ॲग्रिगेटरचंही काढलंय, दर ताडून बघायला. पाचात साडेतीन तारे देतो. त्या सात पार्सलांचे ७२० रुपये मागणारी माझी तक्रार पॅनलवर अजून 'प्रक्रियेत' आहे.