प्रमाणपत्र मिळाले, परीक्षा झालीच नव्हती

घोडबंदर रस्त्यावर आमच्या संकुलासमोर तबल्याचा क्लास निघाला, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला तिथे घालताना आम्ही वेळ विचारली, फी विचारली. पण सर स्वतः कोणाकडे शिकले हे विचारणे आम्हाला उद्धटपणाचे वाटले. दारावरच्या पाटीवर ‘तबला विशारद’ असे होते, तेवढ्यावर आमचे समाधान झाले. वर्षाचे २४,००० रुपये एकरकमी भरले आणि पावती मागितली नाही.

पुढे गांधर्वच्या, म्हणजे संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या, ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेचे म्हणून ३,५०० रुपये घेतले गेले. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा आत्तापासून परीक्षा देत गेलेले बरे, हे सरांचे म्हणणे आम्हालाही पटले होते. परीक्षा क्लासातच झाली, ती सरांनीच घेतली, आणि महिन्याभरात आलेले रंगीत प्रमाणपत्र मी चौकटीत बसवून घेतले, हे सांगताना आज लाज वाटते.

बिंग फुटले ते दिवाळीत. डोंबिवलीचे माझे मोठे दीर तबला शिकलेले आहेत. ते मुलाला सहज म्हणाले, “तीनताल म्हण बघू, हातावर ताल देत.” त्याने सोळा मात्रा भरभर म्हटल्या, पण पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेप्रमाणे नवव्या मात्रेवरही टाळीच वाजवली. तिथे ‘खाली’ असते, म्हणजे टाळी न वाजवता हात मोकळा दाखवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. सिनेमाच्या गाण्यांवर बोटे मात्र झकास चालत होती. दिरांनी भिंतीवरची चौकट उतरवली. प्रमाणपत्रावर ना बैठक क्रमांक होता, ना केंद्राचे नाव, आणि संस्थेच्या नावात ‘गांधर्व’ सोडले तर सगळेच शब्द वेगळे होते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालय वाशीत आहे, म्हणजे ठाण्याहून लोकलने फार तर अर्धा तास. ही फेरी पैसे भरण्यापूर्वी मारायला हवी होती. तिथे मुलाची नोंद नव्हती आणि आमचा क्लास केंद्रांच्या यादीतही नव्हता. सरांना जाब विचारला, तेव्हा “गांधर्व म्हणजे त्या पद्धतीची परीक्षा, असे मी म्हटले होते,” हे उत्तर मिळाले. ‘गांधर्व परीक्षा फी’ असे त्यांनीच पाठवलेला व्हॉट्सअॅप संदेश दाखवल्यावर ३,५०० रुपये परत आले. बाकीच्या रकमेची पावती नसल्यामुळे बोलणे तिथेच संपले.

आता नौपाड्यात नवे गुरुजी मिळाले आहेत. परीक्षेचा अर्ज कोणत्या केंद्रातून भरता आणि परीक्षक कोण असतात, हे मी पहिल्याच भेटीत विचारले. त्यांना राग आला नाही. त्यांनी केंद्राचे नाव लिहून दिले आणि वर्षभर परीक्षेचा विषय काढू नका, असे बजावले.