मायक्रोफोनच्या प्रीॲम्पसाठी टँटलम की सिरॅमिक?

इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे त्याचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटमध्ये, बायसचा (मायक्रोफोन चालवणाऱ्या स्थिर व्होल्टेजचा) पुरवठा स्वच्छ ठेवण्यासाठी 10 मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर लागतो. तो ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक घेतला तरी काम भागते, पण त्यातील द्रव उष्णतेने सुकत जातो आणि तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते. म्हणून बंद पेटीत वर्षानुवर्षे चालणाऱ्या उपकरणात मी तो टाळतो. खरी निवड उरते ती एक्स7आर या प्रकारचा सिरॅमिक कपॅसिटर आणि टँटलम कपॅसिटर यांच्यात.

सिरॅमिक स्वस्त आहे, त्याचा ईएसआर (अंतर्गत रोध) अगदी कमी असतो आणि तो उलटसुलट कसाही लावता येतो. मला त्याचा जाच झाला तो आवाजात. मायक्रोफोन काढून त्याच्या जागी साधा रेझिस्टर जोडला, हेडफोन लावले आणि पीसीबीवर पेन्सिलीने हलकेच टकटक केली, तरी प्रत्येक ठोका स्वच्छ ऐकू येत होता. एक्स7आरमधील बेरियम टायटनेट पिझोइलेक्ट्रिक असल्यामुळे कंपनाचे व्होल्टेज होते, आणि प्रीॲम्प ते इमानाने वाढवून पुढे पाठवतो. त्याच जागी टँटलम सोल्डर केल्यावर ठोके माझ्या कानांना तरी ऐकू येईनासे झाले. शिवाय डीसी व्होल्टेजखाली लहान आकाराच्या सिरॅमिकची धारिता (कपॅसिटन्स) निम्म्याहूनही खाली घसरू शकते. टँटलमची जवळजवळ तेवढीच राहते.

अर्थात टँटलमचे पथ्य सांभाळावे लागते. मँगनीज डायऑक्साइडचा प्रकार छापील व्होल्टेजच्या निम्म्यावरच वापरावा, म्हणजे 5 व्होल्टच्या पुरवठ्याला किमान 10 व्होल्टचा, शक्यतो 16 व्होल्टचा घ्यावा. तो बिघडला तर बहुधा शॉर्ट होतो आणि प्रसंगी पेटतोही. त्यामुळे ॲडॅप्टरच्या थेट इनपुटवर, जिथे जोडताक्षणी प्रवाहाचा लोंढा येतो, तिथे मी तो लावणार नाही. बायसच्या वाटेत आधीच रेझिस्टर असल्याने ही भीती फारशी राहत नाही. एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर होणाऱ्या) टँटलमवरची पट्टी धन टोकाची असते आणि ॲल्युमिनियमच्या डबीवरची ऋण टोकाची, एवढे मात्र सोल्डर करण्यापूर्वी नक्की पाहावे.

गळतीचा प्रवाह टँटलममध्ये अधिक असतो, तेव्हा महिनोन्महिने बॅटरीवर निपचित राहणाऱ्या सर्किटला कदाचित सिरॅमिकच बरा पडेल. हातात धरायच्या किंवा टेबलावर ठेवायच्या मायक्रोफोनसाठी मी टँटलमचे जास्तीचे पैसे मोजेन. आयसीच्या पिनांलगतचे 0.1 मायक्रोफॅरडचे सिरॅमिक मात्र जागच्या जागी राहू द्यावेत.