गुलाबी शर्टातला व्हेजिटा, साडेसहाशे रुपयांत

संभाजीनगरला गुलमंडीच्या मागं मोबाईल कव्हरच्या एका दुकानात हा पुतळा मिळाला. व्हेजिटा म्हणजे 'ड्रॅगन बॉल झेड' या जपानी कार्टून मालिकेतला तापट लढवय्या. वीतभर उंच, पीव्हीसीचा. डब्यावर कंपनीचं नाव नाही, म्हणजे डुप्लिकेटच. दुकानदारानं आठशे सांगितले, साडेसहाशेवर आला.

चिलखतातले व्हेजिटा ढिगानं मिळतात. मला हाच पाहिजे होता: गुलाबी शर्ट, पिवळी पँट, पाठीवर इंग्रजीत 'बॅडमॅन'. ड्रॅगन बॉल झेड पाहिलेल्यांना प्रसंग आठवंल. पृथ्वी बेचिराख करायला आलेला, आपल्याच साथीदाराला, नाप्पाला, स्वतःच्या हातानं संपवणारा हा राजपुत्र. मालिकेचा नायक गोकू, त्याला अवकाशात शोधून थकून परत येतो, तर गोकूची मैत्रीण बुल्मा त्याला आधी अंघोळीला पिटाळते अन् वर हा शर्ट देते. चरफडतो, पण घालतो. पुढं बुल्माच्याच घरात घरजावई.

पुतळ्याचा चेहरा एकदम जमलाय. कपाळावर उतरलेलं केसांचं टोक, भुवयांमधली आठी, एका बाजूला ओढलेलं तोंड. शर्ट गुलाबी दिला म्हणून कारागिरानं थोबाड गोड केलेलं नाही, याला पैकीच्या पैकी. कारण व्हेजिटा सुधारला तो निम्माच. पोराला, ट्रंक्सला, पहिल्यांदा जवळ घेतो ते बू नावाच्या राक्षसासमोर स्वतःला उडवून द्यायच्या आधी. अन् त्याच्या थोडंच अगोदर, बाबिडी या जादूगाराच्या जादूनं कपाळावर 'एम' उमटवून घेऊन, स्टेडियममधली निरपराध माणसं यानंच मारलेली असतात. याच मालिकेच्या 2013 च्या सिनेमात बिरूस या विनाशाच्या देवाचा राग टळावा म्हणून भर पार्टीत गाणं म्हणत नाचतो, लाज सोडून. पण बिरूसनं बुल्माच्या थोबाडीत मारली की असा पेटतो की गोकूसुद्धा मागं पडावा. आमच्याकडं या असल्या मारामाऱ्यांच्या ऐन वेळेला लोडशेडिंग व्हायचं, ते दुःख वेगळंच.

माझ्या पोरीनं डबा उघडल्या उघडल्या विचारलं, "बाबा, हे काका रागावलेत का?" म्हणलं नाही बाई, तोंडच तसंय त्यांचं.

आता खोट. पाठीवरची अक्षरं तिरकी छापलीत, शेवटचं तर काखेत गेलंय. पिवळा रंग पट्ट्यावर सांडलाय. नवीन असताना वासही उग्र होता, दोन दिवस उघड्यावर ठेवावा लागला. पण खरा घोळ पायांचा. घोटे काडीसारखे. माझं कृषी सेवा केंद्र पत्र्याच्या शेडमध्ये, अन् मे महिन्यात परभणीचा पारा 43 च्या पुढं. काउंटरवर ठेवलेला साहेब आठवड्यात पुढं वाकला, जणू गिऱ्हाईकाला नमस्कार घालतोय. व्हेजिटा अन् नमस्कार! बघवंना. मग गरम पाण्यात पाय बुडवून मऊ केले, सरळ धरून लगेच थंड पाण्यात घातले. तेव्हापासून ताठ उभाय, फक्त आता घरी, कूलरच्या खोलीत. उकळतं पाणी घेऊ नका, रंग सुटतो.

दुकानदाराला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "खेळणं आहे भाऊ, उन्हात कशाला ठेवता?" बदलून द्यायची गोष्टच नाही. माझं म्हणाल तर, ओरिजिनलच पाहिजे असंल तर पैसे साठवा, नाहीतर एवढ्या पैशात हा चेहरा मिळणार नाही, घेऊन टाका. जोडीला ट्रंक्स आहे का विचारलं, तर दुकानदार म्हणाला फक्त गोकू शिल्लक आहे. गोकू नको.