फाइल सर्व्हर मंद चालतोय: एसएमबीच ठेवावं की एनएफएसकडे जावं?

सर्व्हर एकच, फायली त्याच. तरी विंडोजवर फोल्डर पटकन उघडतो, मॅकवर ताटकळत ठेवतो आणि लिनक्सवर मोठी फाइल सुसाट उतरते, पण हजारो बारीक फायली रखडतात. अशा वेळी प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची पद्धत, बदलावासा वाटतो: विंडोजच्या वळणाच्या एसएमबीऐवजी लिनक्सच्या वळणाचा एनएफएस. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी तार तपासा.

एक मोठी फाइल कॉपी करून वेग बघा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळायला हवा. आकडा ११ वर खिळला असेल, तर जोडणी बहुधा १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटचं काम दोन जोड्यांवर भागतं. एका ठिकाणी तीन मशीनपैकी एकच मंद होतं. भिंतीतली केबल उपसली तर प्लगची खिट्टी तुटलेली आणि एक पिन काळवंडलेली. केबल बदलली आणि आकडा ११२ वर गेला. त्या दुरुस्तीत एसएमबीचा काही संबंधच नव्हता. केबल धड असेल तर आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन दोन्ही टोकांना चालवा. तिथे वेग पूर्ण दिसला, तर दोष जोडणीचा नाही. मग प्रोटोकॉल आणि डिस्ककडे वळा.

आता बारीक फायली. एक फाइल उघडून, वाचून, बंद करेपर्यंत सर्व्हरकडे पाचेक फेऱ्या होतात असं धरा. फेरीला १ मिलिसेकंद लागला, तर १०,००० फायलींना निव्वळ वाट बघण्यातच ५० सेकंद जातात. वायफायवर फेरी ५ मिलिसेकंदांची झाली की चार मिनिटांच्या वर. तार कितीही रुंद असली तरी हा वेळ कमी होत नाही. एकाच वेळी अनेक फायली पाठवणं हाच इलाज. विंडोजवर रोबोकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडला ‘एमटी’ हा पर्याय त्यासाठीच दिलेला आहे.

विंडोज मशीन असतील तर एसएमबीच ठेवा. विंडोजचा स्वतःचा एनएफएस क्लायंट तिसऱ्या आवृत्तीपुढे जात नाही आणि परवानग्यांची जुळवाजुळव डोकं उठवते. मात्र नवं विंडोज आल्यावरच वेग पडला असेल, तर सायनिंग बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, म्हणजे २०२४ पासून, प्रो आणि एंटरप्राइझवर ते मुळातल्या सेटिंगमध्येच सक्तीचं आहे. प्रत्येक संदेशावर सही करायची म्हणजे प्रोसेसरला काम, आणि जुन्या एनएएसचा (नेटवर्कला जोडलेल्या फाइल-साठवणीच्या यंत्राचा) प्रोसेसर त्यात दमतो. सही बंद करून वेग मिळतो, पण वाटेत कुणी संदेशात फेरफार केला तर कळायचा मार्ग जातो. मी ती बंद करत नाही.

सर्व्हर सांबाचा (लिनक्सवर एसएमबी चालवणारं सॉफ्टवेअर) असेल आणि एकाच फोल्डरमध्ये लाखभर फायली असतील, तर कारण वेगळंच. विंडोजला नावातल्या लहानमोठ्या अक्षरांचा भेद चालत नाही, लिनक्सला चालतो. त्यामुळे एखादं नाव नाहीच असं सांगण्याआधी सांबाला अख्खा फोल्डर चाळावा लागतो. फायली उपफोल्डरांत विभागल्या की फरक लगेच जाणवतो.

मॅकसाठीही एसएमबीच, २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून ॲपलची पहिली पसंती तीच आहे. सांबात मॅकशी जुळवून घेणारं ‘फ्रूट’ मॉड्यूल चालू करा आणि फाइंडरला (मॅकवर फोल्डर दाखवणारा प्रोग्राम) नेटवर्कवर डीएस-स्टोअर, म्हणजे फोल्डरच्या मांडणीच्या लपलेल्या, फायली लिहू देऊ नका.

लिनक्स ते लिनक्स असेल, तर मात्र मी बेधडक एनएफएस घेतो. लिनक्स ५.३ पासून ‘एनकनेक्ट’ या पर्यायाने एकाच माउंटला (जोडून घेतलेल्या सर्व्हरच्या फोल्डरला) अनेक जोडण्या देता येतात. लिहिणं मंद असेल तर बहुधा ‘सिंक’मुळे: डेटा डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हर होकार देत नाही. ‘असिंक’ केल्यावर वेग उसळतो, पण वीज गेली तर लिहिलं असं वाटलेलं प्रत्यक्षात लिहिलेलं नसतं. हिशेबाच्या फायलींवर हा खेळ नको. सॉफ्टवेअर बिल्डच्या तात्पुरत्या, पुन्हा तयार करता येणाऱ्या फोल्डरवर चालेल.

दोन्ही प्रोटोकॉल लागणार असतील, तर फोल्डर वेगळे ठेवा. एकच फोल्डर दोन्हीकडून उघडला की फाइल-लॉक आणि परवानग्यांचे घोळ होतात.

आणि तुलना करताना प्रत्येक चाचणीआधी दोन्ही टोकांची कॅश (मेमरीत राखून ठेवलेला डेटा) रिकामी करा. तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली की ती मेमरीतून येते, आणि नंतर तपासलेला प्रोटोकॉल उगाच वेगवान वाटतो.