एकाच वर्कशॉपमध्ये तीन रंगांची कॉर्डलेस यंत्रे: १४ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचे फर्निचरचे वर्कशॉप आहे. वॉर्डरोब आणि किचनचे बॉक्स आम्ही इथे तयार करतो व साइटवर नेऊन बसवतो. निम्मी कामे शहरातल्या नव्या इमारतींत असतात आणि उरलेली आंबा घाटाखाली, रत्नागिरी आणि राजापूरकडे. आमची सगळी यंत्रे पूर्वी वायरची होती. नव्या इमारतीत आम्ही पोहोचतो तेव्हा बिल्डरच्या तात्पुरत्या मीटरवरून दोन-तीन मजल्यांना मिळून एखादाच पॉइंट चालू असतो; त्यावर फरशीवाल्याचे कटर, रंगाऱ्याचे दिवे आणि आमचे ड्रिल असा सगळा भार येतो, आणि ५० मीटर वायरच्या टोकाला व्होल्टेज इतके पडते की ड्रिलचा नुसता आवाज ऐकूनच मिस्त्री हात थांबवतो. दुसऱ्याचे काम थांबेपर्यंत आमची चार माणसे बसून राहायची. कॉर्डलेसकडे वळण्याचे खरे कारण हे होते.

१४ महिन्यांपूर्वी खरेदी करताना मी तीन ब्रँड एकदम घेतले. निळ्या बॉशचे जीएसबी १८०-एलआय ड्रिल आणि जीडीएक्स १८०-एलआय हा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोक्यांनी फिरवून स्क्रू कसणारे यंत्र), मकिताचा डीटीडी १५३ इम्पॅक्ट ड्रायव्हर, ड्रिल व १६५ मिलिमीटरची गोल करवत, आणि डिवॉल्टचे ब्रशलेस (मोटरमध्ये कार्बन नसलेले) ड्रिल व जिगसॉ. प्रत्येकातले चांगले यंत्र निवडावे, हा माझा विचार होता. यंत्रांची निवड चुकली नाही, पण तीन ब्रँड एकत्र घेणे चुकले, आणि ते कसे हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण दुकानात उभे राहून यंत्र हातात घेतले की ही बाजू कोणालाच दिसत नाही.

साइटवर निघताना तीन प्रकारचे चार्जर आणि तीन प्रकारच्या बॅटऱ्या गाडीत भराव्या लागतात. लिफ्ट सुरू झालेली नसते, म्हणजे ते ओझे सातव्या मजल्यापर्यंत खांद्यावर जाते. एका ड्रिलची बॅटरी संपते तेव्हा शेजारी दोन भरलेल्या बॅटऱ्या पडलेल्या असतात आणि दोन्ही दुसऱ्या रंगाच्या, म्हणजे दुसऱ्या ब्रँडच्या असतात, म्हणून उपयोगाच्या नसतात. चार्जिंगला पॉइंट तर एकच. सहा बॅटऱ्या एकाच ब्रँडच्या असत्या तर एक चार्जर दिवसभर पुरला असता. तीन ब्रँडमध्ये विभागल्यावर त्याच सहा बॅटऱ्या कमी पडू लागल्या. कॉर्डलेस यंत्राचा ब्रँड निवडणे म्हणजे बॅटरीचे घराणे निवडणे, हे आम्हाला पहिल्या दोन महिन्यांतच कळले. त्यानंतरचे वर्षभर मी यंत्रांपेक्षा बॅटऱ्यांकडेच अधिक लक्ष देत आलो आहे.

आकड्यांबद्दल आधी एक खुलासा करतो, कारण आमच्या मिस्त्रींचाही बरेच दिवस गैरसमज होता. बॉश आणि मकिता १८ व्होल्ट लिहितात, डिवॉल्टची तीच यंत्रे काही देशांत १८ व्होल्ट तर काही ठिकाणी २० व्होल्ट मॅक्स म्हणून विकली जातात, आणि बाजारातल्या बिननावाच्या यंत्रांवर २१ व्होल्ट छापलेले असते. या सर्वांच्या आत लिथियमचे पाच सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.६ धरले तर बेरीज १८ येते, आणि नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या सेलचे ४.२ धरले तर तीच बेरीज २१ होते. म्हणजे २० किंवा २१ लिहिलेले यंत्र १८ च्या यंत्राहून अधिक ताकदवान आहे, असे समजण्याचे कारण नाही. फरक पडतो तो अँपिअर-अवरने, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याने. २ अँपिअर-अवरच्या बॅटरीत सहसा पाच सेल असतात आणि ४ किंवा ५ च्या बॅटरीत बहुधा दहा. दहा सेलची बॅटरी जास्त वेळ तर चालतेच, शिवाय करवतीसारख्या जड यंत्राला ती प्रवाहही अधिक सहज देते. आमची गोल करवत २ च्या बॅटरीवर १८ मिलिमीटर प्लायमध्ये अडखळायची, ती ५ च्या बॅटरीवर आठ फुटी काप एका दमात घेते.

याच हिशेबाने बिननावाच्या बॅटऱ्यांची एक साधी परीक्षा मला सापडली. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने स्वस्तात एक बॅटरी आणली होती. तिच्यावर ५ अँपिअर-अवर लिहिले होते आणि वर ४८ व्होल्टचाही शिक्का होता. आम्ही ती किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर वजन ४०० ग्रॅमही भरेना. १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या एका सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असते. दहा सेल असतील तर नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम भरायला हवेत, प्लास्टिक आणि सर्किट वेगळे. आत पाचच सेल होते, हे ती न उघडताच कळले. आणि पाच सेलमधून ४८ व्होल्ट कोणत्याही उपायाने निघत नाहीत. नवी बॅटरी घेताना तिचे वजन करून पाहावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. तीच बॅटरी पुढे चार्ज होताना एवढी तापली की तिचे खोकेच वाकले, आणि त्या दिवसापासून रात्री वर्कशॉप बंद केल्यावर कोणतीही बॅटरी चार्जिंगला ठेवायची नाही, असा नियम आम्ही केला.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. कपाट बसवण्याच्या कामात इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि ड्रिल ही दोन वेगळी यंत्रे आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम करू नये, हे माझे ठाम मत झाले आहे. बॉक्स एकमेकांना जोडताना ५० मिलिमीटरचे स्क्रू प्लायमध्ये घालायचे असतात. तिथे मकिताचा १७० न्यूटन-मीटर आणि बॉशचा १८० न्यूटन-मीटर हा पिळाच्या ताकदीतला फरक हाताला जाणवतच नाही, कारण स्क्रूला त्याचा दहावा भागही लागत नाही. बिट स्क्रूच्या डोक्यातून निसटत नाही आणि मनगटाला झटका बसत नाही, एवढ्यासाठीच इम्पॅक्ट हवा. दिवसभर डोक्यावर हात धरून वरचे बॉक्स लावणाऱ्या माझ्या मिस्त्रीने पहिल्या आठवड्यापासून मकिताचा ड्रायव्हर स्वतःकडे ठेवला आहे, कारण त्याची लांबी कमी आहे आणि भिंत व बॉक्स यांच्या फटीत तो शिरतो. बॉशच्या जीडीएक्सचा गुण वेगळा आहे. त्याच्या तोंडात पाव इंची षटकोनी बिटही बसते आणि बाहेरून अर्ध्या इंची चौकोनावर पानाही चढतो, त्यामुळे स्क्रू आणि अँकर बोल्ट दोन्ही त्याच एका यंत्रावर होतात. लोखंडी फ्रेमची कामे निघतात तेव्हा आमच्याकडे दुसरे काही नेण्याची गरज उरत नाही.

सॉफ्ट क्लोज बिजागरीचे १६ मिलिमीटरचे स्क्रू मात्र इम्पॅक्टने लावू नयेत. पार्टिकल बोर्डमध्ये तो स्क्रू बसल्यावर अर्धा फेराही जास्त फिरला तर भोक मोकळे होते आणि शटरचे वजन पुढे त्याच मोकळ्या भोकावर येते. आम्ही एका किचनमध्ये अशा सात बिजागऱ्या काढून, भोकात लाकडी खुंटी फेविकॉल लावून ठोकली आणि पुन्हा बसवल्या. या कामाला क्लचचे ड्रिलच हवे. क्लचची चकती कमी आकड्यावर ठेवली की स्क्रूचे डोके बिजागरीला टेकताच ‘टर्र’ असा आवाज होऊन चक (बिट धरणारा जबडा) थांबतो. या नाजूक कामात डिवॉल्टचे ड्रिल मला सर्वांत आवडले. त्याचा ट्रिगर अगदी हळू वेगापासून हाताच्या ताब्यात राहतो. बॉशच्या ड्रिलचा कमाल पीळ ५४ न्यूटन-मीटर आहे आणि ३५ मिलिमीटरचे बिजागरीचे भोक पाडताना तो दमत नाही, म्हणून ते वर्कशॉपच्या टेबलावर राहते.

कोकणातल्या जांभ्याच्या भिंतींनी आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. ड्रिलचा हॅमर (ठोके) चालू ठेवून भोक पाडले तर कडा ढासळतात, ८ मिलिमीटरचे भोक १० चे होते आणि स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी आत सैल फिरत राहते. तिथे हॅमर बंद करून, नुसत्या फिरत्या बिटने, सावकाश भोक पाडावे आणि लांब गिट्टी वापरावी. याच्या उलट स्थिती आरसीसी बीमची. तिथे साधे इम्पॅक्ट ड्रिल (ठोके देणारे ड्रिल) कोणत्याही ब्रँडचे असले तरी बिट जाळते आणि बॅटरी संपवते. तिथे एसडीएस-प्लसचे (खाचेच्या बिटांचे) रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटसाठीचे जोरदार ठोक्यांचे यंत्रच लागते. ते आमच्याकडे अजून वायरचेच आहे.

ग्राइंडरच्या बाबतीत बॅटरीवर फार भरवसा ठेवू नये. ४ इंची साध्या वायरच्या ग्राइंडरची क्षमता ६०० वॅटच्या पुढे असते. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर यांचा गुणाकार ७२ वॅट-अवर होतो, म्हणजे ६०० वॅटने सतत काम घेतले तर ती बॅटरी सात मिनिटांत संपेल. साइटवर एखादा बोल्ट कापायला कॉर्डलेस ग्राइंडर उत्तम आहे, पण वर्कशॉपमध्ये दिवसभर घासकाम करणाऱ्याने वायरचाच वापरावा. आमचे ट्रिमर, टेबल सॉ आणि एज बँडिंग (कडेला पट्टी चिकटवण्याचे यंत्र) अजून वायरवरच चालते आणि तसेच चालेल.

चार्जरचा वेग हा खरेदीच्या वेळी दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. मकिताचा डीसी१८आरसी हा पंखा असलेला चार्जर ३ अँपिअर-अवरची बॅटरी २२ मिनिटांत आणि ५ ची ४५ मिनिटांत भरतो. चहा होईपर्यंत बॅटरी तयार असते. त्याच कंपनीचा साधा चार्जर घेतला तर याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. स्वस्त जोडीत बहुधा साधा चार्जर येतो, तेव्हा खोक्यावरचा चार्जरचा क्रमांक वाचूनच किमतींची तुलना करावी. मे महिन्यात गाडीत तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर लावली तर तो आधी ती गार होण्याची वाट पाहतो, दिवा लुकलुकत राहतो आणि अनुभव नसलेल्या माणसाला चार्जर बिघडल्यासारखे वाटते.

बॉश घेणाऱ्यांनी निळा आणि हिरवा हा भेद लक्षात ठेवावा. हिरवी यंत्रे घरगुती वापराची आहेत आणि दोघांवर १८ व्होल्टच लिहिलेले असले तरी हिरव्याची बॅटरी निळ्याला बसत नाही. आमच्या एका ग्राहकाने घरासाठी हिरवे ड्रिल घेतले होते. त्याची बॅटरी अडचणीला कामी येईल म्हणून आम्ही निर्धास्त गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका २००५ पासून चालू आहे, तिची नवी ४० व्होल्टची एक्सजीटी मालिका मात्र वेगळी आहे आणि दोन्हींच्या बॅटऱ्या एकमेकींत चालत नाहीत.

पावसाळ्यात कोकणातली कामे थांबली तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. दोन बॅटऱ्या पूर्ण संपलेल्या अवस्थेत यंत्रांनाच लावलेल्या राहिल्या आणि जून ते सप्टेंबर तशाच पेटीत पडून होत्या. गणपतीनंतर पेटी उघडली तर चार्जर त्यांना ओळखेना. सेलचे व्होल्टेज सुरक्षित मर्यादेखाली गेले होते. आता काम थांबणार असेल तर बॅटरी अर्धी भरून, यंत्रापासून काढून, कोरड्या कपाटात ठेवतो. मेलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडे परत द्याव्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दुरुस्तीचा अनुभव संमिश्र आहे. एका सेवा केंद्राने स्विच बदलायला पाच आठवडे घेतले, दुसऱ्याने चक तासाभरात बदलून दिला. यंत्र घेण्यापूर्वी आपल्या गावापासून सर्वांत जवळचे केंद्र कोठे आहे, आणि वॉरंटीसाठी ऑनलाइन नोंदणी लागते का, हे दुकानदाराला विचारून बिलावरच लिहून घ्यावे.

आमचा निर्णय असा झाला आहे की साइटवरची सगळी यंत्रे हळूहळू मकितावर आणायची, कारण तिथे कमी लांबीचा ड्रायव्हर आणि वेगवान चार्जर या दोन गोष्टी आमच्या कामाला सर्वांत जुळल्या. बॉशची जोडी वर्कशॉपमध्ये आणि लोखंडी कामाला राहील, तिच्या बॅटऱ्या तिथून हलणार नाहीत. डिवॉल्टचे ड्रिल व जिगसॉ आम्ही शटर आणि बिजागऱ्यांच्या टेबलाला दिले आहेत. ज्याचे काम प्रामुख्याने लोखंडाचे आहे, त्याचा निर्णय कदाचित उलटा ठरेल, आणि तो चूक ठरणार नाही. पुढची खरेदी रोटरी हॅमरची आहे. नुसती बॉडी (बॅटरी-चार्जरशिवायचे यंत्र) घेणार आहोत, बॅटऱ्या घरात आहेतच.