‘घरी सांगू नका’ म्हणणाऱ्या वैद्यापासून सावध राहा

माझ्या थोरल्या भावाला बरीच वर्षं मधुमेह आहे. तळपायांची आग होते, चालताना पाय ओढावा लागतो. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, ठीक आहे." वहिनीलाही त्यापलीकडे कधी कळलं नाही. पुरुषाने दुखणं अंगावर काढायचं, हेच आमच्या घरात सगळे बघत आलेत. या भामट्यांना नेमकं तेच हवं असतं.

पुण्यात भर रस्त्यात एका नीटनेटक्या तरुणाने दादाला गाठलं. "काका, शुगरमुळे पाय दुखतात का? माझ्या वडिलांचं अगदी असंच होतं." वडील एका वैद्यांच्या औषधाने बरे झाले म्हणे. पत्ता देऊन तो थांबला नाही, दुकानापर्यंत सोबत आला.

तिथल्या ‘वैद्या’ने नाडी धरली आणि हळूच शरीरसंबंधांबद्दल विचारलं. दादाने आपल्या डॉक्टरांनाही न सांगितलेलं तिथे सांगून टाकलं. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन अनेक पुरुषांना लिंगाच्या ताठरतेचा त्रास होतो. तो आजाराचाच भाग आहे, त्यावर रीतसर उपचार आहेत. पण हे दादाला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

भस्माचा भाव सांगितला तो ग्रॅमवर, त्यामुळे किरकोळ वाटला. सगळं कुटून एकत्र केल्यावर बिल झालं शहाऐंशी हजार! "आता मिसळलंय, परत घेता येत नाही." तोच तरुण एटीएमपर्यंत सोबत गेला, उरलेल्या पैशांसाठी दादाने एफडी मोडली. निघताना दोन पथ्यं सांगितली: डॉक्टरच्या गोळ्या बंद करा आणि घरी सांगू नका, नाहीतर गुण येत नाही.

गोळ्या बंद झाल्या, साखर चारशेच्या वर गेली. पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, पण बधिरपणामुळे ती त्याला जाणवलीच नाही. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा पुड्या आम्हाला सापडल्या. अशा ‘आयुर्वेदिक’ चूर्णांत साखर उतरवणारी ॲलोपॅथीची औषधं किंवा स्टिरॉइड मिसळल्याचं याआधी तपासण्यांत उघड झालेलं आहे. ताकदीच्या पुड्यांत सिल्डेनाफिलही (व्हायग्रातलं औषध) सापडतं. हृदयविकारासाठी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने इतका घसरू शकतो की जिवावर बेतावं.

मधुमेह बरा करण्याची किंवा लैंगिक ताकद वाढवण्याची जाहिरात करायलाच 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. असा दावा ऐकलात की तिथूनच परत फिरा. कुणी फसलं असेल तर पुड्या आणि पावती फेकू नका. पुड्या अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला द्या. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार करता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आम्ही तक्रार दिली आहे. दुकानावर आता दुसऱ्याच नावाची पाटी आहे. लंगडत चाललेल्या एखाद्या काकांशी कुणी अनोळखी तरुण फार आपुलकीने बोलताना दिसला, तर कृपा करून मध्ये पडा.